खिडकी-क्षेत्र, निवासी खोल्यांचे

निवासी खोलीला उजेड आणि हवा मिळावी म्हणून तिच्या बाहेरच्या भिंतीत ठेवायच्या उघाडीचे किमान क्षेत्रफळ. ते खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या अपूर्णांकात सांगतात : एक-दशांश, एक-अष्टमांश, एक-षष्ठांश इत्यादी. दरवाजाचे क्षेत्र त्यात धरत नाहीत. घराचा नकाशा मंजुरीला जातो तेव्हा कोपऱ्यातल्या तक्त्यात ‘डब्ल्यू १ : १.५० × १.२०’, ‘व्ही : ०.६० × ०.६०’ अशा नोंदी असतात. त्यांतली पहिली खिडकीची आणि दुसरी झरोक्याची (व्हेंटिलेटर). या नोंदींवरूनच खोलीचे प्रमाण तपासले जाते.

व्युत्पत्ती व पूर्वपीठिका : ‘खिडकी’ हा शब्द संस्कृत ‘खडक्किका’ व प्राकृत ‘खडक्किआ’ यांच्याशी जोडला जातो. या शब्दांचा मूळ अर्थ बाजूचे किंवा मागचे लहान दार असा होता. हे संस्कृत रूपही प्राकृतावरून घडवलेले असावे. म्हणजे खिडकी आधी माणसाने वाकून जायची होती, हवेची नंतर झाली. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या पाच दरवाजांपैकी एकाचे नाव ‘खिडकी दरवाजा’ आहे. ते दारात बसवलेल्या खिडकीवरून पडले असे सांगतात, पण जुन्या अर्थाशीही ते विसंगत नाही. संस्कृतातील ‘वातायन’ (वाऱ्याची वाट) आणि ‘गवाक्ष’ (बैलाचा डोळा) या शब्दांनी हवा व आकार या दोन गोष्टी वेगवेगळ्या टिपल्या आहेत.

खिडकीविषयीचा लिखित निर्बंध बराच जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात गृहवास्तूच्या प्रकरणात उजेडासाठी लहान आणि उंचावर वातायन करावे असे विधान येते. शेजाऱ्याला उपद्रव होईल अशी समोरासमोरची दारे-खिडक्या तेथे दोषास्पद ठरवली असून राजमार्ग व रथ्या (रहदारीचे रस्ते) यांचा अपवाद केला आहे. या ग्रंथाचा काळ वादग्रस्त आहे. परंपरेने तो इ.स.पू. चौथ्या शतकात ठेवतात, आणि मुंबई विद्यापीठासाठी चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे र. प. कंगले यांचा कलही तिकडेच होता. भाषा व आशय यांच्या विश्लेषणावरून अलीकडचे अनेक अभ्यासक आजच्या स्वरूपातील संहिता इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली मानतात, व ते अधिक सयुक्तिक वाटते. काळ कोणताही धरला तरी येथे खिडकीवर कमाल मर्यादा आहे, किमान नाही. चिंता शेजाऱ्याच्या आडपडद्याची होती, घरात राहणाऱ्याच्या फुप्फुसांची नव्हे.

किमान प्रमाणाची कल्पना आरोग्यविषयक कायद्यांतून आली. इंग्लंडमध्ये १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर १८७७ मध्ये नमुना उपविधी निघाले. खिडकीचे क्षेत्र चौकट वगळून जमिनीच्या किमान एक-दशांश असावे आणि त्यातला निम्मा भाग उघडता यावा, अशी त्यांत अट होती. ‘चौकट वगळून’ आणि ‘निम्मा उघडता’ हे दोन्ही तपशील पुढे भारतीय नियमांत वेगळ्या रीतीने आले. त्यांवरून होणारे घोळ खाली दिले आहेत.

मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधारणा न्यास (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाला. त्याच्या नावाशी ६३½ अंशांचा नियम जोडलेला आहे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून क्षितिजाशी ६३½ अंशांनी वर काढलेली रेषा समोरच्या बांधकामाने अडवू नये, असा तो नियम. हा विचित्र आकडा सुटतो तो त्रिकोणमितीने : ६३½ अंशांची स्पर्शज्या (टॅन, म्हणजे उंची भागिले अंतर) जवळजवळ २ येते. म्हणजे समोरची इमारत १२ मी. उंच असेल तर मधली मोकळी जागा किमान ६ मी. हवी. ४५ अंशांचा नियम लावला तर तीच जागा १२ मी. झाली असती आणि मुंबईच्या जमिनीच्या भावात ती परवडली नसती. न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला, त्यामुळे तो मुंबईतच घडला असा समज दिसतो. परंतु लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात घराच्या मागील बाजूसाठी हाच कोन आढळतो. तो तेथून उचलला गेला असे मानणे अधिक योग्य. आजच्या नियमावल्यांत सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) इमारतीच्या उंचीच्या प्रमाणात ठरवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. खिडकी कितीही मोठी ठेवली तरी समोर भिंत असेल तर तिचे मोल उरत नाही.

प्रचलित प्रमाणे : भारतीय मानक संस्थेने (आताचा भारतीय मानक ब्यूरो) राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये प्रथम काढली. १९८३, २००५ व २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. संहितेतील प्रमाण हवामानानुसार बदलते : उष्ण-कोरड्या प्रदेशात जमिनीच्या १/१०, उष्ण-दमट प्रदेशात १/६, मध्यम हवामानात १/८ आणि थंड प्रदेशात १/१२. उष्ण-कोरड्या भागात दुपारची झळ बाहेर ठेवायची असते, म्हणून उघाड कमी. कोकणासारख्या दमट भागात अंगावरून वारा वाहिल्याशिवाय घाम सुकत नाही, म्हणून ती सर्वांत जास्त. पुण्याला काही वर्गीकरणे समशीतोष्ण (मध्यम) म्हणतात, काही उष्ण-दमट. दोन्हीत शंका असेल तर १/६ धरलेले बरे, कारण जास्तीची खिडकी बंद ठेवता येते. स्वयंपाकघरासाठी संहितेने हे क्षेत्र २५ टक्क्यांनी वाढवायला सांगितले आहे.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत राहत्या खोल्या व स्वयंपाकघर यांसाठी सरसकट १/६ होते. त्यातही स्वयंपाकघराची खिडकी १ चौ. मी.पेक्षा लहान चालत नसे; न्हाणीघर, शौचालय वा कोठीला ०.३ चौ. मी. (एक बाजू किमान ०.३ मी.), आणि जिन्याला दर मजल्याच्या टप्प्याला बाहेरच्या भिंतीत १ चौ. मी. उघाड पुरेशी मानली जाई. राज्याच्या बहुतेक उर्वरित भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. घर कोठे बांधायचे त्यावरून कोणता पाठ लागू होतो ते ठरते, आणि संहितेपेक्षा स्थानिक नियम वरचढ असतो.

उदाहरणार्थ, ३.० × ३.६ मी. (सुमारे १० × १२ फूट) झोपण्याच्या खोलीचे क्षेत्र १०.८ चौ. मी. भरते. त्याचा सहावा हिस्सा १.८ चौ. मी., म्हणजे १.५ × १.२ मी.ची एक खिडकी. कागदावर हिशेब तंतोतंत जुळतो, पण जागेवर जुळत नाही. विटांच्या कामात १.५० मी.ची उघाड सोडली की दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे २० मि.मी. गिलावा चढतो. खाली सिलची (खिडकीच्या खालच्या काठाची) फरशी व तिच्याखालचा मसाला आणि वर लिंटेलचा (खिडकीवरच्या तुळईचा) गिलावा मिळून आणखी ५० मि.मी. जातात. उरते १.४६ × १.१५ मी., म्हणजे सुमारे १.६८ चौ. मी. म्हणून गवंड्याला विटांचे माप रुंदीत ४ व उंचीत ५ सें.मी. वाढवून द्यावे लागते.

काय मोजायचे हा प्रश्न : इंग्लंडच्या जुन्या उपविधींत चौकट वगळली जाई. भारतीय संहिता चौकटीसह मोजते, पण खिडकीचा काही भाग कायमचा बंद असेल तर फक्त उघडणारा भाग धरावा असे म्हणते. या दुसऱ्या वाक्याकडे बांधकामात बहुधा दुर्लक्ष होते. दोन रुळांच्या सरकत्या (स्लायडिंग) खिडकीत एक तावदान दुसऱ्यामागे जाते, त्यामुळे एका वेळी निम्मीच जागा उघडते. वरच्या उदाहरणातील १.८ चौ. मी.ची खिडकी हवेच्या दृष्टीने ०.९ चौ. मी.ची, म्हणजे जमिनीच्या १/१२ होते. हे प्रमाण थंड प्रदेशाचे! तीन रुळांची खिडकी घेतली तरी तिसरा रूळ डासांच्या जाळीला गेला तर हिशेब तोच राहतो.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या इको-निवास संहितेने (२०१८) हा घोळ मिटवला. तिने उघडणाऱ्या क्षेत्राचे जमिनीशी गुणोत्तर थेट मागितले : उष्ण-दमट भागात १६.६६ टक्के, संमिश्र व समशीतोष्ण भागात १२.५, उष्ण-कोरड्यात १० आणि थंड भागात ८.३३. टक्के वेगळे दिसले तरी आकडे जुनेच आहेत, १/६, १/८, १/१० व १/१२. उघडण्याचे गृहीत प्रमाणही ती देते : बिजागरीच्या झडपेला ९० टक्के, दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीला ५०, तीन तावदानांच्या खिडकीला ६७. हीच मोजणी खरी मानावी. तिच्याप्रमाणे वरच्या खोलीला बिजागरीची २ चौ. मी. किंवा दोन तावदानांची सरकती ३.६ चौ. मी. खिडकी लागेल. गच्च ग्रिल व बाहेर पिंजरा असेल तर बिजागरीची झडप बाहेर उघडत नाही. सरकत्या खिडक्या पसरल्या त्याचे हे एक मोठे कारण.

उजेड : खिडकीपासून ७.५ मी.पेक्षा लांबचा भाग त्या खिडकीने उजळला असे राष्ट्रीय इमारत संहिता मानत नाही. ही मर्यादा सढळ आहे. खिडकीच्या डोक्याच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड जातो असा वास्तुकारांचा ठोकताळा असून २.१ मी.च्या लिंटेलला तो सुमारे ५ मी. येतो. दोन सामाईक भिंतींमधल्या लांबुळक्या घरात मधली खोली म्हणूनच दिवसाही दिव्यावर चालते. तेथे चौक सोडणे हाच उपाय, आणि संहितेनुसार आतील मोकळ्या जागेची रुंदी किमान ३ मी. हवी. भारतीय मानक २४४० मध्ये आकाशाचा उजेड ८,००० लक्स (उजेडाचे एकक) गृहीत धरून त्याचा किती टक्के भाग खोलीत यावा ते दिले आहे : स्वयंपाकघरात २.५ (२०० लक्स), अभ्यासाच्या खोलीत १.९, बैठकीत ०.६२५ (५० लक्स).

वारा : एकाच भिंतीतली मोठी खिडकी हवा खेळवत नाही. हवेला आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. वाऱ्याकडील व विरुद्ध बाजूच्या मिळून उघाडी जमिनीच्या २०–३० टक्के असतील तर खोलीतील वाऱ्याचा सरासरी वेग बाहेरच्या सुमारे ३० टक्के असतो. खिडक्या कितीही वाढवल्या तरी तो ४० टक्क्यांपुढे जात नाही. एकच भिंत बाहेरची असेल तर तिच्यात एका रुंद खिडकीऐवजी अंतर ठेवून दोन खिडक्या द्याव्यात. सिलची उंची बसण्याच्या पद्धतीवर ठरते : खुर्चीसाठी ०.७५ मी., पलंगासाठी ०.६० मी., जमिनीवर बसणाऱ्यांसाठी ०.४० मी. ओट्यावरच्या खिडकीचे सिल १.०५ मी.च्या आसपास ठेवतात, नाहीतर नळाचे पाणी रुळात जाते. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास खाली साचतो. तेथे वरच्या खिडकीखेरीज जमिनीलगत जाळीचे भोकही हवे.

न्हाणीघर डक्टवर (इमारतीत हवेसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवर) उघडत असेल तर डक्टचे मापही ठरलेले आहे : १० मी. उंचीपर्यंत १.२ चौ. मी. (लहान बाजू ०.९ मी.), १८ मी.पर्यंत ४ चौ. मी. (१.५ मी.). डक्ट वरून पत्र्याने झाकला की सगळे मुसळ केरात.

पावसाळ्यातील दोष : नैर्ऋत्येच्या वाऱ्यात पाणी खिडकीवर आडवे आपटते. छज्जा ४५० ते ६०० मि.मी. पुढे हवा आणि त्याच्या खालच्या कडेला खाच (ड्रिप) हवी. खाच नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाला धरून भिंतीपर्यंत येते. सिलच्या फरशीचा उतार बाहेर असावा, आणि ती भिंतीच्या तोंडापुढे किमान २५ मि.मी. यावी. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळाला पाणी जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. गिलाव्याच्या वेळी ती सिमेंटने बुजतात किंवा धुळीने भरतात, मग रूळ तुडुंब भरून पाणी आत उलटते, आणि दोष मात्र सीलंटला दिला जातो. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या जाणाऱ्या भेगा सिलखाली काँक्रीटचा सलग पट्टा घातल्याने आटोक्यात येतात.

शेजार व कायदा : हद्दीच्या भिंतीत काढलेली खिडकी प्रमाणात धरली जात नाही, पण गावठाणात अशा खिडक्या सर्रास आहेत. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ पुढे १८९१ मध्ये मुंबई प्रांताला लागू झाला. त्याच्या कलम १५ नुसार उजेड-हवेचा उपभोग २० वर्षे अखंड व निर्वेध चालला तर त्यावर हक्क निर्माण होऊ शकतो. शेजारची जमीन सरकारी असेल तर ही मुदत ३० वर्षांची आहे.