शॉटगनची जुळवणी

शॉटगनची जुळवणी म्हणजे छऱ्यांची बंदूक चालवणाऱ्याच्या अंगाला, डोळ्याला आणि तो ज्या प्रकारात उतरणार त्या प्रकाराला बसेल अशी करून घेणे. विदर्भातल्या खेड्यांत या बंदुकीला सरसकट ‘बारा बोअर’ म्हणतात. दोन नळ्या असतील तर ती दुनळी, आणि तोंडातून दारू ठासायची असेल तर भरमार. रायफलीला मागे आणि पुढे असे दोन दर्शक असतात, ते एका रेषेत आणून नेम धरतात. शॉटगनच्या टोकाला बहुधा एक पितळी मणी असतो, बस. मागचा दर्शक म्हणजे चालवणाऱ्याचा डोळाच. गाल दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या मागच्या लाकडावर, जिथे टेकतो तिथून डोळा बघतो आणि डोळा बघेल तिकडे छर्रे जातात. त्यामुळे या बंदुकीत दस्त्याच्या मापाला जे मोल आहे ते किमतीला नाही आणि जोडसामानाला तर नाहीच.

‘१२ बोअर’ हा आकडा अनेकांना उलटा वाटतो. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. तिचा व्यास सुमारे १८.५ मिमी. आकडा वाढला की नळी बारीक होते. २० बोअर ही १२ पेक्षा लहान, ती यामुळेच.

आज्याची बंदूक

खेड्यात नवशिक्याच्या हाती पहिली बंदूक येते ती बहुधा आज्याची. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) वावरात घुसून तूर, हरभरा, पऱ्हाटी एका रात्रीत तुडवतात, म्हणून रात्री मचाणावर जागलीला बसण्याची रीत जुनी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही त्याची दखल आहे. कलम १३ नुसार खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, आणि तेवढ्याने भागणार नाही असे अधिकाऱ्याला पटले तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही. मात्र पीकसंरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. पिकाचे नुकसान करणारे जनावर मारायचे तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

परवानाधारक गेला की बंदूक आपोआप मुलाची किंवा नातवाची होत नाही. वारसाला स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागतो आणि तो हाती येईपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावी लागते. कोनाड्यात गुंडाळून ठेवलेली बंदूक, ती आज्याची असली तरी, बेकायदाच.

अशी बंदूक हाती आली की आधी ती चालवण्याजोगी आहे का, हे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून बघून घ्यावे. जुन्या बंदुकांत काडतूस बसण्याची जागा पुष्कळदा ६५ मिमी लांबीची असते. आजची काडतुसे बहुतेक ७० मिमीची. फसवणूक अशी की ७० मिमीचे काडतूस त्या जागेत सहज शिरते, कारण ही लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. चाप ओढल्यावर तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली दमिश्की नळी असते. ती दिसायला फार सुंदर, पण आजच्या धूरविरहित दारूसाठी तिच्यावर भरवसा ठेवू नये. ती भिंतीवरच शोभते.

दुसरी काळजी नळी मोकळी असल्याची. निवडणूक लागली की बंदुका पुष्कळदा ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि त्या महिना-दोन महिने उभ्या राहतात. तेवढ्यात कुंभारमाशी नळीत मातीचे घर करू शकते. बाहेरून काहीच दिसत नाही. बंदूक परत आली की ती उघडून नळी उजेडाकडे धरावी. आतला प्रकाश अखंड गोल दिसला पाहिजे. एका बाजूला काळा चंद्र दिसला तर गज घालून माती काढावी आणि मगच पुढचे बोलावे. अडलेल्या नळीतून काडतूस उडवले की नळी फाटते. २० बोअरचे काडतूस चुकून १२ च्या नळीत पडले तरी हाच प्रकार होतो. ते पुढे सरकून अडकते, मागे जागा रिकामी दिसते आणि माणूस दुसरे काडतूस भरतो. हे होऊ नये म्हणूनच २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा रिवाज आहे.

दस्ता अंगाला बसवणे

आज्याच्या बंदुकीचा दस्ता आज्याच्या मापाचा असतो. तो माणूस सहा फुटी असेल आणि नातू साडेपाच फुटी, तर बंदूक कितीही नामी असो, नातवाला ती आडवीच जाणार. नवशिके याचा दोष स्वतःच्या नेमाला देतात आणि खचतात. निम्म्या वेळी दोष लाकडाचा असतो.

पहिले माप लांबीचे, म्हणजे चापापासून दस्त्याच्या बुडापर्यंतचे. मध्यम उंचीच्या प्रौढाला ते साधारण १४ ते साडेचौदा इंच लागते. दस्ता कोपराच्या बेचक्यात टेकवून बोट चापाला पोचते का, असे बघण्याची जुनी पद्धत आहे, पण त्यातून कळते ते हाताचे माप. मान, खांदा आणि छाती त्यात येत नाहीत. त्यापेक्षा बंदूक खांद्याला लावून गाल टेकवावा आणि नाक व अंगठ्याचा सांधा यांत किती अंतर उरते ते बघावे. दोन ते तीन बोटे उरली तर ठीक. अंगठा नाकावर आपटत असेल तर दस्ता आखूड, उचलताना बूड काखेत अडकत असेल तर लांब. आखूड दस्त्याला मागे रबरी गादी लावून भागते. लांब दस्ता कापावा लागतो, आणि कापलेले लाकूड परत येत नाही म्हणून अर्ध्या इंचापेक्षा जास्त एकदम कापू देऊ नये. हिवाळ्यात जाड जाकीट घालून माप घेतले तर उन्हाळ्यात तोच दस्ता आखूड लागतो, हेही ध्यानात असावे.

दुसरे माप उताराचे. दस्त्याच्या ज्या धारेवर गाल टेकतो ती नळीच्या रेषेपेक्षा साधारण दीड इंच खाली असते. ती फार खाली असली तर डोळ्याला नळीच दिसत नाही आणि माणूस गाल उचलतो. गाल उचलला की छर्रे वर जातात आणि बंदुकीचा झटका गालफडावर बसतो. धार फार उंच असली तर डोळाही उंच बसतो, नळीवरची पट्टी लांबच्या लांब दिसते आणि मार वरच जातो. याशिवाय दस्त्याला बाजूचा किंचित वाक असतो, उजव्या हाताच्या माणसासाठी उजवीकडे, पाव इंचाच्या आत.

तपासणीची रीत सोपी आहे, पण घाईने करू नये. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करावी. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवावा. ओसरीच्या भिंतीवर टाचेएवढा कागद चिकटवावा, भिंतीपलीकडे कोणी नाही हे बघावे, कागदावर नजर रोखावी, डोळे मिटावेत आणि मिटल्या डोळ्यांनीच बंदूक खांद्याला घ्यावी. मग डोळे उघडावेत. मणी कागदावर आला असेल तर दस्ता बसला. दहापैकी आठ वेळा मणी डावीकडेच येत असेल तर वाक कमी आहे, पट्टीच दिसत नसेल तर धार खाली आहे. पुठ्ठ्याचे तुकडे धारेवर चिकटपट्टीने बांधून बघावे. दोन रुपयांच्या पुठ्ठ्याने जे कळते ते कळल्यावरच सुताराकडे जावे.

चांदमारीच्या मैदानावर हीच गोष्ट आकड्यात कळते. १६ यार्डांवरून, म्हणजे साधारण १४.६ मीटरवरून, कोऱ्या कागदावरच्या ठिपक्याकडे बघत, नेम न धरता चार-पाच काडतुसे उडवावीत. छऱ्यांचा मध्य ठिपक्यापासून जितके इंच सरकला असेल तितके सोळांश इंच दस्त्यात बदल करायचा. दोन इंच वर गेला तर धार दोन सोळांश, म्हणजे एक अष्टमांश इंच, खाली घ्यायची. कारण साधे आहे. डोळ्यापासून मण्यापर्यंतचे अंतर सुमारे एक यार्ड, आणि कागद त्याच्या सोळापट लांब.

त्याआधी आपला कोणता डोळा धनी आहे, म्हणजे दोन्ही उघडे असताना बघण्यात कोणाचे चालते, हे मात्र कळले पाहिजे. दोन्ही हात लांब करून तळव्यांची लहान खिडकी करावी, तिच्यातून समोरचा कंदील किंवा दिवा बघावा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो धनी. उजव्या खांद्यावर बंदूक आणि डावा डोळा धनी, असे असेल तर दस्त्याचे कोणतेही माप कामाला येत नाही. तरुण असेल त्याने सरळ खांदा बदलून शिकावे. पहिले दोन महिने जड जातात, पुढे आयुष्यभर सोपे जाते.

चोक आणि काडतूस

नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळेपणाला चोक म्हणतात. पूर्ण चोकमध्ये ही आवळणी जेमतेम १ मिमी असते, पण ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात सुमारे ७० टक्के छर्रे पडतात; चोक नसलेल्या नळीतून ४० टक्के. जुन्या दुनळ्यांत बहुधा एक नळी मोकळी आणि एक आवळ असते. नवशिक्याला मोकळी नळीच बरी, कारण तिचा पसारा मोठा आणि माफी जास्त.

गावात काडतुसांची ओळख एलजी, एसजी, बीबी, ४ नंबर, ६ नंबर अशी असते. एलजीचे छर्रे सर्वांत मोठे. मातीच्या तबकड्यांसाठी यांतले काहीच चालत नाही. यंत्राने हवेत उडवलेल्या तबकड्या फोडण्याच्या ऑलिम्पिकच्या ट्रॅप आणि स्कीट प्रकारांत काडतुसात २४ ग्रॅमपेक्षा जास्त छर्रे चालत नाहीत आणि छऱ्याचा व्यास २.६ मिमीच्या आत लागतो. तबकडी ११० मिमी व्यासाची, १०५ ग्रॅमची. एवढीशी वस्तू फोडायला बारीक छर्रेच जास्त संख्येने हवेत. भारतात हा खेळ राष्ट्रीय रायफल संघटनेकडे आहे. १९५१ साली ती उभी राहिली ती लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने, आणि या मराठी माणसाच्या नावाची स्पर्धा आजही नवोदितांसाठी राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये मिळवलेले रौप्यपदक शॉटगनचेच.

मल्टी-गन

मल्टी-गन हा अमेरिकेत वाढलेला प्रकार. एकाच फेरीत रायफल, पिस्तूल आणि शॉटगन तिन्ही चालवायची, मधले अंतर पळत कापायचे आणि घड्याळ चालू. शॉटगनने लोखंडी पत्रे पाडायचे, पत्रा पडताच हवेत उडणारी तबकडी फोडायची आणि काही वेळा एकाच जड शिशाच्या गोळीने, म्हणजे स्लगने, लांबचा पुठ्ठा भेदायचा. काम झाले की बंदूक सुरक्षित करून ठरलेल्या पिंपात ठेवायची आणि पुढचे शस्त्र उचलायचे. नळीचे तोंड ठरलेल्या मर्यादेबाहेर, मागे वळले तर खेळाडू त्याच क्षणी बाद होतो. या नियमाला सवलत नाही आणि नसावीच.

तिथे बहुतेक जण १२ बोअरची अर्धस्वयंचलित बंदूक घेतात, नळी २१ ते २४ इंच, नळीखाली काडतुसे साठवणारे लांब मॅगझिन. इथे वेळ जातो तो नेमात नाही, भरण्यात. म्हणून मॅगझिनचे भरण्याचे तोंड घासून रुंद करतात, कडा गुळगुळीत करतात आणि कमरेच्या पट्ट्यावर काडतुसे दोन-दोनच्या जोडीत उभी लावतात. सराव झालेला हात एका झेपेत चार काडतुसे उचलतो आणि दोन-दोन करून आत ढकलतो. चोक मध्यम मोकळा ठेवतात, कारण त्यातून छर्रेही नीट जातात आणि स्लगही. पूर्ण चोकमधून स्लग टाळतात. ‘हेवी मेटल’ नावाच्या गटात बहुधा हाताने खेचायची पंप ॲक्शनच चालते. नवशिक्याने पहिल्या वर्षी मोठे बटण, मोठी खुंटी, महागडी दुर्बीण यांवर पैसा घालू नये. दस्ता, भरण्याचे तोंड आणि काडतुसे यांत तो गेला तर सार्थकी लागतो.

भारतात हा खेळ जसाच्या तसा आणता येत नाही. अर्धस्वयंचलित शॉटगन सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही, २० इंचांहून आखूड नळी निषिद्ध वर्गात मोडते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. नळी कापून ‘स्पर्धेची’ बंदूक करून देतो म्हणणारा भेटला तर त्याच्या दारातूनच परत फिरावे. दुनळी किंवा पंप ॲक्शन घेऊन ट्रॅप-स्कीट शिकणे हीच इथली वाट आहे. मल्टी-गनमधले उचलण्यासारखे एक अंग मात्र खेड्यातही जमते, ते भरण्याच्या सरावाचे. दारू आणि टोपी नसलेली, वेगळ्या रंगाची सरावाची काडतुसे घ्यावीत, खरी काडतुसे कुलपात ठेवावीत आणि नजर समोर ठेवून दुनळी उघडणे, दोन काडतुसे घालणे, मिटणे हे रोज पन्नास वेळा करावे. पहिल्या आठवड्यात काडतुसे जमिनीवर घरंगळतात. महिन्याभरात हाताला जागा कळते आणि मान खाली जात नाही.

निगा

विदर्भाची हवा लाकडाला आणि लोखंडाला सारखीच छळते. मे महिन्यात पत्र्याच्या घरात लाकूड सुकून दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, श्रावणात तेच लाकूड फुगते. ऋतू बदलला की मापे पुन्हा तपासावीत. नळीला खोबरेल लावण्याची सवय घराघरांत आहे, ती सोडावी. थंडीत ते थिजते, पुढे चिकट होते आणि चापाच्या यंत्रात धूळ धरते. शिवणयंत्राचे पातळ तेल कापडाला जेमतेम लावून फिरवावे. बंदूक कापडी खोळीत कायम ठेवू नये, पावसाळ्यात खोळ ओल धरते आणि आठ दिवसांत नळीवर तांबूस ठिपके येतात. ते आतून आले तर बोट लावून कळत नाहीत, पांढरे फडके गजाला बांधून एकदा आरपार ओढले की फडक्यावर रंग उतरतो.