पार्श्वभूमी : ‘सत्ता चालवा’ आणि ‘राखण करा’

पावसाळा लागला की सोलापुरातल्या चर्चच्या आवारात रोपं लावण्याची लगबग सुरू होते. त्यामागचा वाद मात्र रोपांचा नाही, माणसाचं निसर्गाशी नातं सांगणाऱ्या बायबलातल्या एका शब्दाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात इथे मिशनरी आले. १८७६-७८ च्या दुष्काळात प्रश्न पोटाचा होता. पर्यावरण हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता. सुगीच्या सणाला ज्वारीची कणसं वेदीपुढे ठेवून नंतर त्यांचा लिलाव करतात, एवढंच मातीशी नातं.

१९६७ मध्ये एका अमेरिकन इतिहासकाराने निसर्गाच्या नासाडीचं खापर पाश्चात्य ख्रिस्ती विचारावर फोडलं. बोट होतं ‘सत्ता चालवा’ या, बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातल्या आज्ञेकडे. उत्तरादाखल इंग्रजी प्रवचनांतून ‘स्टुअर्डशिप’ची जी कल्पना आली तिचं मराठीत ‘कारभारी’ झालं, आणि घोळ झाला. कारभारी हिशेब ठेवतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातला तर धन्याचाच पैसा उडवतो. (शिवाय आपल्याकडे नवऱ्यालाही कारभारी म्हणतात, ते वेगळंच.) खरं तर नेमका शब्द मराठी बायबलात आधीपासून होता. उत्पत्तीच्याच दुसऱ्या अध्यायाच्या १५ व्या वचनात माणसाला बागेत ठेवलं ते ‘मशागत व राखण’ करायला. मूळ हिब्रू शब्द ‘शामार’; भाऊ कुठे आहे असं देवाने विचारल्यावर, भावाला मारणाऱ्या काइनाने झटकली ती जबाबदारीही याच धातूची. मंगळवेढ्याकडे ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन बसणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच, की तिथे राखण पाखरांपासून, इथे पाखरांची.

२०१५ मध्ये रोमहून निघालेल्या पोपच्या परिपत्रकाने याच वचनावर भर दिला. मशागत आपण उजनीच्या पाण्यावर उसापर्यंत नेली. राखण मागे पडली.

१९७९ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत जाहीर केलं गेलं, आणि त्याच वर्षी सोलापूरजवळच्या नान्नजचं, माळढोक या माळरानावरच्या मोठ्या पक्ष्यासाठीचं अभयारण्यही जाहीर झालं. ८,४०० चौरस किलोमीटरहून मोठं हे क्षेत्र पुढे सुमारे १,२२२ वर आलं. माळावर गिरिपुष्पाच्या झाडांची लागवड झाली ती हिरवळीच्या सदिच्छेनेच. पण माळढोकाला झाडी नको असते. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.