भिंत नसलेला ‘मौत का कुआ’

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर मौत का कुआ लागला की फळ्यांचा खडखडाट लांबूनच ऐकू येतो. कठड्यावरून वाकून पाहावं तर फटफटी आडवी होऊन भिंतीवर गरगरत असते, आणि स्वार एक हात सोडून लोकांच्या हातातल्या नोटा टिपत जातो. माझ्या पुढे दोन पोरं उभी होती. एकाच्या मोबाइलवर उडत्या गाड्यांच्या शर्यतीची क्लिप चालू होती. दुसरा म्हणाला, “ह्याला चाकंच नाहीत की. मग वळतंय कसं बे?”

त्या उडत्या शर्यतीची सगळी गोम या प्रश्नात आहे.

विहिरीची त्रिज्या पाच मीटर आणि फटफटीचा वेग ताशी ४० किमी धरला, तर भिंत स्वाराला त्याच्या वजनाच्या अडीच पट जोराने आत ढकलते. त्या दाबामुळे टायर आणि फळ्यांमध्ये घर्षण तयार होतं, म्हणून तो खाली घसरत नाही. रस्त्यावरच्या शर्यतीत हेच काम डांबर करतं. हवेत ना भिंत, ना डांबर. तिथे पंख्यांसकट अख्खं यंत्रच कलवावं लागतं, म्हणजे पंख्यांचा थोडा जोर आडवा लागतो आणि यंत्र वळतं. पण वजन तर तेवढंच उचलायचं असतं, त्यामुळे एकूण जोर वाढवावा लागतो. ६० अंश कललं की दुप्पट! आणि दुप्पट जोराला दुप्पट शक्ती पुरत नाही. हवा जास्तही ढकलायची आणि जास्त वेगानेही, म्हणून ढोबळमानाने २.८ पट लागते. गाडी वळणावर ब्रेक मारते. हे यंत्र वळणावर बॅटरी पितं.

मुळात नुसतं तरंगणंच महाग आहे. समजा, स्वारासकट ३०० किलोचं यंत्र आहे आणि पंख्यांचं एकूण क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटर. ते जागच्या जागी हवेत धरायला साधारण ७० किलोवॅट लागतील. म्हणजे पाच एचपीचे १९ शेतपंप एकदम चालू! किलोमागे २५० वॅट-तास देणारी ६० किलोची बॅटरी घातली, तर शेवटच्या थेंबापर्यंत पिळूनही १३ मिनिटांत खेळ खलास. पेट्रोलच्या एका किलोत १२,००० वॅट-तासांहून जास्त ऊर्जा असते. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं हे खरं, तरी बॅटरी त्याच्या आसपासही जात नाही.

त्यात आपलं ऊन. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर. मे महिन्यात पारा ४३ला टेकला की इथली हवा प्रमाण हवेपेक्षा, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा, सुमारे १४ टक्के विरळ होते. तेच वजन उचलायला सात-आठ टक्के जास्त शक्ती लागते, म्हणजे तेरातलं एक मिनिट नुसत्या उंचीत आणि उकाड्यात गेलं. वर बॅटरी थंड ठेवायची कटकट वेगळीच.

विजेच्या गाड्यांना ही रड नवी नाही. ताशी १०० किमीचा टप्पा ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती; १८९९ मध्ये कामीय जेनात्झीने फ्रान्समध्ये ती पळवली. तरी पुढचं शतक पेट्रोलनेच खाल्लं. २०१४ मध्ये बीजिंगला फॉर्म्युला ई ही विजेच्या गाड्यांची स्पर्धा सुरू झाली तेव्हा बॅटरी शर्यतभर पुरायची नाही, म्हणून चालक अर्ध्यात उतरून दुसऱ्या गाडीत बसायचे. २०२३ मध्ये तीच स्पर्धा आपल्या शेजारी हैदराबादला आली, तोवर एका गाडीत शर्यत पुरी होत होती. नऊ वर्षांत एवढा फरक पडला.

उडत्या गाड्यांच्या शर्यतीचा घाट ऑस्ट्रेलियाच्या एअरस्पीडरने घातला. २०२१ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात त्यांची यंत्रं उडाली, तीही जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हुकमतीत. बॅटरी संपली की खाली उतरायचं, नवी सरकवायची, पुन्हा वर, असा त्यांचा पिट स्टॉप होता. मला शर्यतीपेक्षा हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

सोलापुरात चिमणी म्हटलं की आता पाखरू आठवत नाही. होटगी रोडच्या विमानतळासाठी १५ जून २०२३ला पाडलेली साखर कारखान्याची चिमणी आठवते. पंखांचं विमान तिरकं, सावकाश खाली येतं, म्हणून त्याला लांबवर मोकळी वाट लागते. सरळ उभं उतरणाऱ्या यंत्राला एवढा पसारा नको. पण विमानाचं वजन पंखच पेलतात आणि पुढे ढकलायला वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा जोरही पुरतो. उभ्या उड्डाणात तो सगळा भार पंख्यांवर येतो. धावपट्टीची जागा वाचते, तिची किंमत बॅटरी मोजते.

त्या दिवशी मी पोरांना यातलं जमेल तेवढं सांगितलं. क्लिपमधल्या यंत्रात माणूसच नाही, हेही सांगितलं. खाली फटफटी पुन्हा सुरू झाली होती. प्रश्न विचारणाऱ्याने खिशातून दहाची नोट काढून कठड्याबाहेर धरली आणि मोबाइलकडे बोट दाखवून मला विचारलं, “काका, मग तिथं नोट कोण घेतंय?”