टेनिसची रॅकेट ‘वाढत्या अंगाची’ घेऊ नका

‘आत्ताच २७ इंची घ्या, पुढची पाच वर्षं बघायला नको.’ हा हिशेब गणवेशाला चालतो, रॅकेटला नाही. २७ इंची म्हणजे मोठ्यांची रॅकेट, ती तारांसकट ३०० ग्रॅमच्या आसपास जाते. आठ वर्षांच्या मुलाला ती वेळेत फिरवता येत नाही. मग चेंडू उशिरा लागतो, मनगट मुडपतं, मूठ दांड्यावर वर सरकते. आणि ही सवय मोडणं फार अवघड. त्या वयाला बहुतेकदा २३ इंची, २००-२२० ग्रॅमची रॅकेट पुरते.

दुकानात मुलाला ताठ उभं करा, हात खाली सोडून रॅकेट मुठीत द्या. टोक जमिनीला जेमतेम टेकलं तर लांबी बरोबर. मग हात समोर सरळ धरायला सांगा. टोक लगेच झुकलं तर वजन जास्त. छापलेलं वजन अनेकदा तारांशिवायचं असतं, तारांचे साधारण १५ ग्रॅम वेगळे धरा.