‘तू कोण?’ हा प्रश्न प्रवेश अर्जात कसा आला

बारावीचे गुण आणि सीईटी यांवर प्रवेश ठरतो, हे गृहीत धरून वाढलेली आपली मुलं अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरताना स्वतःविषयीच्या निबंधापाशी अडतात. गुण कळवले, मग माझी कहाणी यांना कशाला हवी? प्रश्न रास्त आहे. त्याचं मूळ उत्तर मात्र अस्वस्थ करणारं आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी तिथली नामांकित कॉलेजं प्रवेश परीक्षेवरच विद्यार्थी घेत. १९११ मध्ये हार्वर्डने परीक्षेची पद्धत बदलली आणि सार्वजनिक शाळांतल्या मुलांची वाट सोपी झाली. त्यांत पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतली हुशार मुलं पुष्कळ होती. १९२२ पर्यंत हार्वर्डच्या नव्या तुकडीत ज्यू विद्यार्थी २१ टक्क्यांवर गेले. विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांना हे खुपलं. त्यांनी उघड मर्यादा घालायचा प्रस्ताव आणला, पण प्राध्यापकांच्या समितीने तो मान्य केला नाही. त्याच सुमारास अर्जात नवे रकाने आले: वंश, धर्म, आईचं माहेरचं नाव, वडिलांचं जन्मस्थान. जन्मानंतर तुम्ही किंवा वडिलांनी आडनाव बदललं आहे का, हेसुद्धा विचारलं जाई! १९२६ पासून ‘चारित्र्या’ला वजन आलं, फोटो सक्तीचा झाला. शिफारसपत्र, मुलाखत, स्वतःविषयीचं लेखन हे सगळं याच काळात रुजलं. परीक्षेचे गुण नाकारता येत नाहीत, चारित्र्य सहज नाकारता येतं. म्हणून ही पद्धत मला आजही बोचते.

पुढे हत्यार तेच राहिलं, हात बदलले. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर हीच ‘संपूर्ण व्यक्ती पाहण्याची’ रीत कृष्णवर्णीय आणि इतर वंचित मुलांना आत घेण्यासाठी वापरली जाऊ लागली. १९७५ मध्ये १५ खासगी कॉलेजांनी मिळून ‘कॉमन अॅप्लिकेशन’, म्हणजे सगळ्यांसाठी एकच अर्ज, सुरू केलं. आज एक हजाराहून अधिक संस्था ते स्वीकारतात. त्यातल्या निबंधाला २५० ते ६५० शब्दांची मर्यादा आहे.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आणली. मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने स्वतः लिहिलं, तर ते विचारात घेता येईल, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालात नमूद केलं. वंशाचा निकष मागच्या दाराने आणू नका, असं बजावूनही ठेवलं. त्यानंतर काही आठवड्यांतच अनेक विद्यापीठांनी निबंधाचे प्रश्न बदलले. हार्वर्डने पाच छोटे प्रश्न सक्तीचे केले. त्यांतला पहिलाच, तुला घडवणाऱ्या अनुभवांच्या बळावर तू इथे काय योगदान देशील, असा होता.