टाइम-शेअरिंग

टाइम-शेअरिंग : एकाच संगणकाचा वेळ अगदी छोट्या तुकड्यांत वाटून अनेकांना एकाच वेळी, आपापल्या टर्मिनलवरून (संगणकाशी जोडलेल्या टंकयंत्रासारख्या उपकरणावरून), स्वतंत्रपणे काम करू देण्याची पद्धत. मराठीत तिला कालविभागणी असेही म्हणतात. मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या केंद्रीय संगणकांच्या जमान्यात, साधारणपणे १९५७ ते १९६४ या काळात ती आकाराला आली. आजच्या प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तिचा अंश असल्याने तिचा रोजचा वापर वाचकांच्या परिचयाचा आहे. तिच्या उगमाविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

पूर्वपीठिका : आयबीएम ७०४, ७०९ यांसारखी यंत्रे इतकी महाग होती की संगणक केंद्राचा सारा कारभार यंत्र रिकामे राहू नये या एकाच हेतूने चाले. प्रोग्रामर आपला प्रोग्रॅम ८० रकान्यांच्या कार्डांवर पंच करून घेई आणि कार्डांचा गठ्ठा काउंटरवर देई. ऑपरेटर अनेकांचे गठ्ठे एकत्र करून टेपवर चढवी आणि यंत्र एकामागून एक जॉब उरकत जाई. या पद्धतीला बॅच प्रक्रिया म्हणतात. छापील कागद काही तासांनी, कित्येकदा दुसऱ्या दिवशी हाती पडे. एखादा स्वल्पविराम राहून गेला असेल तर त्या कागदावर फक्त चुकीची सूचना असे; मग एक कार्ड बदलायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. यंत्राच्या सेकंदासेकंदाचा हिशेब ठेवला जाई, पण ताटकळणाऱ्या माणसाचे तास कोणत्याच वहीत नोंदले जात नसत.

एका संगणकाला अनेक टर्मिनले जोडणे त्या वेळी नवे नव्हते. अमेरिकेच्या हवाई संरक्षणाच्या ‘सेज’ यंत्रणेत ते झालेले होते. परंतु तेथे सर्वजण एकच ठरलेला प्रोग्रॅम वापरत. प्रत्येकाने स्वतःचा प्रोग्रॅम लिहावा, चालवावा आणि तिथेच दुरुस्त करावा, हे टाइम-शेअरिंगचे वेगळेपण होय.

उगमाचा वाद : श्रेयासाठी सामान्यतः तीन नावे पुढे केली जातात. बॉब बेमर यांनी मार्च १९५७ मध्ये एका तांत्रिक मासिकातील लेखात एक मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची कल्पना मांडली. छापील पुराव्यांत हा बहुधा सर्वांत जुना. मात्र हा विस्तृत लेखातला ओझरता विचार आहे. यंत्रात काय बदल करावे लागतील याचा आराखडा त्यात नाही.

ब्रिटिश शास्त्रज्ञ क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी फेब्रुवारी १९५९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिस येथे युनेस्कोच्या माहिती-प्रक्रिया परिषदेत शीर्षकातच ‘टाइम-शेअरिंग’ हा शब्द असलेला निबंध वाचला. शीर्षकामुळे अनेक संदर्भग्रंथांनी त्यांनाच जनक ठरवले. पण निबंधाचा रोख निराळा आहे. एक प्रोग्रॅम टेपची किंवा छपाईयंत्राची वाट पाहत असताना प्रोसेसरने दुसरा प्रोग्रॅम हाती घ्यावा, म्हणजे आज ज्याला मल्टिप्रोग्रॅमिंग म्हणतात ते, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. इतर कामे चालू असताना एखाद्या प्रोग्रामरने कन्सोलवर (यंत्राच्या नियंत्रण-मेजावर) बसून आपल्या चुका शोधाव्यात, एवढी सोय त्यांनी सुचवली होती. अनेक टर्मिनलांची व्यवस्था आपल्या डोळ्यांसमोर नव्हती, असे स्ट्रेची यांनी पुढे स्वतःच प्रांजळपणे सांगितले.

तिसरे नाव अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांचे. एमआयटी (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या अमेरिकन संस्थेच्या संगणक केंद्राचे प्रमुख फिलिप मोर्स यांना त्यांनी पाठवलेल्या टिपणावर १ जानेवारी १९५९ ही तारीख आहे. संस्थेला मिळणार असलेल्या नव्या आयबीएम यंत्रावर प्रत्येक वापरकर्त्याला संगणक जणू आपल्या एकट्याच्याच हाती आहे असे वाटले पाहिजे, अशी योजना त्यात मांडली आहे. तारखेबद्दल शंका घेतली गेली आहे : नवे वर्ष लागल्यावर सवयीने जुनाच आकडा टंकला गेला असावा आणि टिपण प्रत्यक्षात १९६० चे असावे. तसे असल्यास ते पॅरिसच्या निबंधानंतरचे ठरते. तरीही निवाडा तारखेवर अवलंबून ठेवणे योग्य वाटत नाही. स्ट्रेची यंत्राचा वाया जाणारा वेळ वाचवू पाहत होते, तर मॅकार्थींना माणसाचा वेळ वाचवायचा होता. मल्टिप्रोग्रॅमिंगच्या मांडणीत स्ट्रेची यांना आणि संवादी टाइम-शेअरिंगच्या मांडणीत मॅकार्थी यांना अग्रमान देणारे मत अधिक ग्राह्य दिसते.

सीटीएसएस (कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टीम) : या प्रणालीद्वारे कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय एमआयटीतील फर्नांडो कॉरबाटो, मार्जोरी मर्विन-डॅगेट आणि रॉबर्ट डेली यांना जाते. नोव्हेंबर १९६१ मध्ये बदल केलेल्या ७०९ वर चार टर्मिनलांचे प्रात्यक्षिक झाले. या आवृत्तीत डिस्क नव्हती; प्रत्येक वापरकर्त्यासाठी स्वतंत्र टेप असे आणि पाळी संपली की त्याचा प्रोग्रॅम टेपवर उतरवून ठेवला जाई.

पुढे ही प्रणाली आयबीएम ७०९४ वर गेली. त्या यंत्राला ३२,७६८ शब्दांच्या स्मृतीचे दोन संच बसवले होते : एकात सर्वांच्या पाळ्या सांभाळणारा पर्यवेक्षक प्रोग्रॅम, दुसऱ्यात वापरकर्त्याचा प्रोग्रॅम. ठरावीक काळाने व्यत्यय आणणारे घड्याळ, एकाच्या प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या स्मृतीत शिरू नये म्हणून संरक्षण, आणि टेप-डिस्कला परस्पर हात लावू न देणारा सापळा, असे बदल यंत्रातच करावे लागले. पाळीची व्यवस्था विशेष लक्षणीय आहे. रांगा अनेक. प्रोग्रॅम आकाराने जितका मोठा, तितक्या खालच्या रांगेत त्याची सुरुवात. दिलेल्या वेळात काम संपले नाही तर तो आणखी एक रांग खाली जाई. तेथे पाळी उशिरा येई, पण मिळणारा वेळ दुप्पट असे. म्हणून एक ओळ दुरुस्त करणाऱ्याला उत्तर चटकन मिळे आणि लांबलचक आकडेमोडीचे कामही अडून राहत नसे. पुढच्या कित्येक ऑपरेटिंग सिस्टीमनी हेच सूत्र उचलले.

नावातील ‘कंपॅटिबल’ या विशेषणाकडे बहुतेक नोंदींत दुर्लक्ष होते. केंद्राचे नेहमीचे बॅच काम पार्श्वभूमीवर, त्याच यंत्रावर, काही न बदलता चालू राही. प्रस्तुत नोंदीच्या मते सीटीएसएसचे खरे यश यातच आहे. प्रयोगासाठी कोणाचे रोजचे काम थांबवावे लागले नाही, म्हणूनच संस्थेने तो टिकू दिला. ही प्रणाली जुलै १९७३ पर्यंत चालली.

एकाच यंत्रावर अनेकांच्या फायली राहू लागल्या तेव्हा पासवर्डची गरज पडली, आणि त्यातून एक गाजलेला अपघातही घडला. १९६० च्या दशकाच्या मध्यास, बहुधा १९६६ मध्ये, दोन व्यवस्थापक एकाच वेळी एडिटर वापरत होते. एक पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता, दुसरा लॉग-इन करताच सर्वांना दिसणारी रोजची सूचना. एडिटर तात्पुरत्या फाइलला नेहमी एकच नाव देई. दोन्ही फायलींची अदलाबदल झाली आणि लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले. कॉरबाटो यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा प्रसंग आवर्जून सांगितला.

प्रसार आणि मतभेद : डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांची प्रणाली १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास प्रथम चालली, बेसिक ही भाषा तिच्याबरोबरच आली आणि गणिताबाहेरचे विद्यार्थीही संगणकापाशी बसू लागले. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी हाती घेतलेल्या मल्टिक्स या टाइम-शेअरिंग प्रणालीच्या प्रकल्पातून बेल लॅब्ज १९६९ मध्ये बाहेर पडली आणि तेथील काही जणांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. आयबीएमची ओएस/३६० ही ऑपरेटिंग सिस्टीम मुळात बॅचसाठीच होती; तीवर टीएसओ (टाइम-शेअरिंग ऑप्शन) ही सोय १९७१ मध्ये आली. ओएस/३६० च्या उभारणीचे नेतृत्व करणारे फ्रेड ब्रूक्स यांनी त्यातील जेसीएल या जॉब-नियंत्रण भाषेवर पुढे स्वतःच कठोर टीका केली.

टाइम-शेअरिंगमुळे यंत्राचा बराच वेळ प्रोग्रॅम आत-बाहेर करण्यातच जातो आणि प्रोग्रामर विचार न करता नुसते करून पाहतात, असा बॅचच्या समर्थकांचा आक्षेप होता. हॅरोल्ड सॅकमन आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टर्मिनलवर चुका शोधणे लवकर होते असे आढळले; पण दोन पद्धतींपेक्षा माणसामाणसांतला फरक कितीतरी मोठा निघाला. सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ प्रोग्रामर यांच्यातला २८ पटींचा आकडा सर्वत्र उद्धृत होतो, मात्र निरनिराळ्या भाषा आणि पद्धती वापरणाऱ्यांची त्यात सरमिसळ असल्याने तो जपूनच घ्यावा. बँकांच्या मेनफ्रेमवर आजही दिवसा टर्मिनलचे व्यवहार आणि रात्री बॅच, असे दोन्ही चालते.

भारत : मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तो कार्डांच्या गठ्ठ्यांवर चालणारा. आयआयटी मुंबईत मिन्स्क आणि नंतर ईसी-१०३० ही सोव्हिएत यंत्रे होती. टर्मिनलवर बसून काम करण्याची सोय टाटा संस्थेत १९७० च्या दशकात डेक-१० या यंत्राबरोबर आली.