२१ दिवसांत सवय लागते?

“कुठलीही गोष्ट सलग २१ दिवस करा, सवय लागलीच समजा.” हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. त्यामुळे रंकाळ्यावर चालायला जाणारा एखादा बाविसाव्या दिवशी अंथरूण सुटेना म्हणून स्वतःलाच आळशी ठरवतो. खरं तर चूक आकड्याची आहे.

१९६०च्या एका पुस्तकात अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जननं लिहिलं होतं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना साधारण किमान २१ दिवस लागतात. फिरता फिरता ‘किमान’ गळून पडलं. आणि आरशातल्या चेहऱ्याची सवय वेगळी, रोज चालायची वेगळी!

पुढे लंडनमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला. सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८, तर एखाद्याला अंदाजानं २५४. पाणी पिणं लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला जास्त वेळ लागला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

स्वतः पडताळता येतं. सकाळी चहाचा कप खाली ठेवला, की चप्पल घालून गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, एवढंच. गेलात तर कॅलेंडरवर खूण. मनाशी हुज्जत न घालता पाय निघाले, तर खुणेभोवती गोल. गोल सलग दिसू लागले, की तो तुमचा आकडा. तांबड्या-पांढऱ्याच्या जेवणानंतर एखादी खूण राहिली, तर राहू दे.